खालच्या फळीवरची बाटली

विट्याच्या स्टँडसमोर माझं औषधाचं दुकान,
तेवीस वर्षं झाली.
परवा दुपारी, शटर अर्धं ओढलेलं असताना
दीपश्री वाकून आत आली, कडेवर ईश्वरी,
सात महिन्यांची. आल्या आल्या माझं बिलबुक तिच्या मुठीत.

"काका, गुंगीचं कायतरी द्या.
रविवारी पुण्यातनं विमान हाय, कोइमतूरचं.
ह्यांच्या मावशी म्हणत्यात, सर्दीचं औषध चमचाभर पाजलं
की उतरंपर्यंत पोरगी गप."

ती बाटली आहे माझ्याकडं.
खालच्या फळीवर, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाची.
कुणाला देऊ नये ते लेबलवर बारीक अक्षरात लिहिलंय,
आणि ती अक्षरं वाचण्यासाठीच मी या खुर्चीत बसतो
असं मी धरून चाललोय.

"नाही," म्हणालो.
"झोपलेलं पोर आणि गुंगवलेलं पोर
लांबून सारखंच दिसतं, बाई.
एवढ्याशा छातीला श्वास घ्यायचा कंटाळा आला
तर वरती तुला कळणार कसं?"

तिचा चेहरा उतरला.
सासरा त्या गावी गेला होता रेल्वेच्या जनरल डब्यातनं,
एक मूस, एक फुंकणी, एक पत्र्याची पेटी;
त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.
हिला मात्र दीडशे अनोळखी कपाळांवरच्या आठ्या
आत्तापासूनच दिसत होत्या.

मग मी तिला विमान शिकवलं.
मी, ज्यानं विमान फक्त खालून पाहिलंय.
पण कुंभार्ली घाट शंभरदा उतरलोय,
चिपळूणला मेहुणीकडं जाताना
पोफळीच्या अलीकडं कान गच्च होतात,
आवंढा गिळला की टप्‌कन सुटतात.
पोराला गिळायचं सुचत नाही. ते रडतं.
"म्हणून चढताना पाज, आणि उतरायला लागलं की परत.
भुई दिसायची वाट बघू नकोस, आधीच.
झोपली असली तर हलकेच जागी कर.
नाक चोंदलं असलं तर शनिवारी डॉक्टरांना दाखव, मला नको.
आणि तुझ्या पट्ट्यात तिला गुंडाळू नकोस,
तिचा वेगळा छोटा पट्टा मागून घे. लाजू नकोस."

"आणि रडलीच तर?"

"रडू दे. रडतेय म्हणजे जागी आहे,
छाती चालू आहे, तुला हिशोब देतेय."
हे जरा जास्तच झालं. मी गोळ्यांची पाकिटं नीट लावत बसलो.

ती स्वतःशीच म्हणाली,
"आमच्यात आटणी चालली की मुशीपाशी कोण घाई करत न्हाई.
घाई केली की हात भाजतो."

विकलं काय, तर एक चमचा
आणि ओल्या रुमालांचं पाकीट. सत्तर रुपये.
बिलबुक सोडवून घ्यायला पाच मिनिटं लागली;
वरच्या पानाचा कोपरा तिनं गिळला नाही ना,
तोंडात बोट घालून बघितलं.

रविवारी घरीच होतो. साडेअकराला
जेवणाच्या आधी, काही कारण नसताना आवंढा गिळला.
एकच्या सुमाराला, हातात ताकाचा पेला असताना, पुन्हा.
बायको म्हणाली, घसा धरलाय का?

रात्री फोन आला.
चढताना गप होती.
मधे वीस मिनिटं असा भोंगा
की पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला.
मग त्यानंच खिशातल्या चाव्या काढून
तिच्यापुढं वाजवल्या, जरा चुकीच्या तालात.
उतरताना प्यायली.
नेहमीसारखी, एक डोळा उघडा ठेवून.

सोमवारी खानापूरचा एकजण आला,
खांद्यावर दीड वर्षाचा मुलगा.
बसनं लांब लग्नाला जायचं होतं, रात्रभर.
"गुंगीचं कायतरी..." म्हणाला.

मी त्याला बसायला स्टूल दिलं.