डबल बेल

फिंडले, ओहायो. रविवार, सकाळचे सात.
बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानापुढे
एवढं मोठं आवार, की आमचा अख्खा डेपो मावेल,
वर्कशॉप, कँटीन, कंट्रोलरच्या खिडकीसकट.
आणि तिथे मी, जावयाची निळी गाडी घेऊन
एकतीस वर्षांची नोकरी विसरायला आलेला.

आरटीओने दिलेलं परमिट खिशात आहे.
फोटोत मी असा बघतोय,
जणू गाडी माझ्याच अंगावर येतेय.

डावा हात गियरला जातो, दारावर आपटतो.
पुन्हा जातो, पुन्हा आपटतो.
वळायची खूण करायला जावं
तर कोरड्या काचेवर वायपर नाचायला लागतात.

स्वरूपाला नववा लागलाय,
जावई आठवड्यातले चार दिवस विमानात.
"बाबा, रात्री-बेरात्री काही झालं तर?"
एवढंच म्हणाली.
मी विचारलं, हॉस्पिटल किती किलोमीटर.
तिने मैलात सांगितलं. मी मनात गुणून घेतलं.

जेवायच्या हाताकडची बाजू आपली.
पिवळी रेघ डाव्या खांद्याशी.
लाल दिवा असला तरी उजवीकडे वळता येतं म्हणे,
थांबून, बघून.
माझा पाय हे ऐकून घेत नाही.

आणि हॉर्न नाही. इथे हॉर्न म्हणजे शिवी.
आंबोलीच्या धुक्यात मी हॉर्ननेच बोलायचो:
आलो रे, थांब,
तू जा आधी, दरीकडून नको.
आता अंगठा मुका ठेवायचा.

शुक्रवारी जावयाशेजारी बसून पाहिलं:
शाळेची पिवळी बस थांबली, लाल पाटी उघडली,
दोन्हीकडची वाहतूक जागच्या जागी.
एक पोरगं उतरलं, बुटाची नाडी सुटलेली.
त्याने ती बांधली. सावकाश.
कोणी हूं की चूं केलं नाही.
मी म्हटलं, "बघा." जावई म्हणाला, "काय?"
काही नाही म्हटलं.
माझ्या गाडीसाठी एवढ्या वर्षांत कोण थांबलं,
ते घरी येईपर्यंत आठवत होतो.
दाणोलीचा एक रेडा. बस.

डिकीतल्या, बर्फावर टाकायच्या मिठाच्या चार पिशव्या
चार कोपऱ्यांत ठेवून मी चौक केलाय.
इथल्या चौकात पोलीस नसतो, दिवा नसतो,
आधी आला तो आधी जातो,
आणि दोघं एकदम आले
तर एकमेकांना हात करत बसतात.
माझ्या चौकात दुसरं कोणीच नाही.
तरी मी थांबलोय.
पाय ब्रेकवरून उठत नाही.

मग कळलं, कशाला थांबलोय.
तुळसकर मागून दोरी ओढायचा,
एक घंटा थांब, दोन घंटा चल.
त्याला जाऊन चार वर्षं झाली.

मागच्या सीटवर, रजई पोटावर ओढून,
स्वरूपा झोपलीय असं मी धरून चाललो होतो.
लहानपणी सुट्टीत इंजिनाच्या गरम बॉनेटवर बसून
सावंतवाडी-बेळगाव केलेली पोरगी.

काचेवर अंगठी वाजली. एकदा.
मग दुसऱ्यांदा.

गाडी हलली.
वायपर लागले ते लागलेच.