कोयनेल, विश्रामबाग

निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात
कोयनेलच्या दोनशे दहा काड्या लावल्या,
पेन्सिलीच्या जाडीच्या, वीतभर लांब,
दोन ओळींत, एकाआड एक,
सुतळी ताणून.
ताकारीच्या कालव्यावर एकतीस वर्षं
ओव्हरसियर होतो मी.
फाटकापासून बोअरपर्यंतचे बावीस मीटर
मला किती अवघड?

विश्रामबागेतली काळी माती.
काड्यांनी विचारलं नाही मी कोण होतो.
फुटल्या.

पहिल्या वर्षी गुडघ्याखाली छाटायचं असतं,
हे कुणी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तरी हात झाला नसता;
एवढी मिळालेली उंची परत कशी करायची?
छातीला आली तेव्हा
वर बबल ठेवून सपाट केली,
बाजू उभ्या, काटकोनात.
येणारे जाणारे म्हणायचे, वा साहेब.

तिसऱ्या वर्षी कुंपणाचे पाय उघडे पडले.
वर हिरवी फळी, खाली नुसत्या काटक्या,
आणि काटक्यांमधून रुळापलीकडची एक शेळी
अर्ध्या तासात कोथिंबिरीचा वाफा संपवून गेली.
कोयनेलला तिनं तोंडसुद्धा लावलं नाही.

राजेसाब मुलाणी मिरजेहून आला,
सायकलच्या कॅरिअरला कात्री बांधून.
एक फेरी मारली, बिडी विझवली.
"सायेब, खालच्या पानाला ऊन कुठनं मिळंल?
वरचं सगळं खाऊन बसलंय.
तुमी बांध घालत हुता न्हवं?
कसा घालत हुता?"

खाली रुंद, वर अरुंद.
एकास दीड.
याच एका कारणासाठी मी
किती जणांची बिलं अडवली होती!

वीतभर ठेवून त्यानं सगळं कापलं.
उग्र वास दोन दिवस घरात.
शालन काही बोलली नाही,
फक्त फाटकाला कुलूप लावायला गेली
आणि हसत परत आली.

पुन्हा फुटली. बुडापासून, दाट.
आता दर दीड महिन्यानं छाटतो,
खालून वर, कात्री किंचित आत झुकवून.
सुतळी कधी हरवली आठवत नाही.

यंदा चैत्रात, आठव्या मीटरपाशी,
कात्री घातली आणि आतून काहीतरी
कानाला वारा देऊन भुर्रकन गेलं.
फांद्या बाजूला केल्या.
वाटीएवढं घरटं. तीन अंडी,
फिक्या गुलाबीवर तांबूस ठिपके,
आणि घरट्याच्या विणीत
माझ्या सुतळीचा तुकडा.

कात्री मिटली.
नवव्या मीटरपासून पुढं सुरू केलं.

महिन्याभरात तिथं बैलाच्या वशिंडासारखा
उंचवटा झाला, आणि त्यावर फुलं आली,
पांढरी, लांब जांभळ्या केसरांची.
"ह्याला फूल येतं?" शालननं विचारलं.
मलाही माहीत नव्हतं.
सहा वर्षं मी येण्याआधीच
कापत आलो होतो.

जुन्या सवयीनं वही ठेवतो अजून, एम.बी.सारखी:
तारीख, लांबी, रुंदी, उंची.
त्या दिवशीच्या पानावर
सात मीटरपर्यंत आकडे,
नऊपासून पुढं आकडे,
मध्ये एक ओळ:
पक्षी आत. मोजमाप घेतले नाही.
खाली माझी सही.
"तपासले" लिहिलेल्या रकान्यात
हिशेबाच्या पेन्सिलीनं शालनची.

बुलबुल जाऊन आता पंधरा दिवस झाले.
येणारे जाणारे सांगतात,
साहेब, तेवढं राहिलंय.
हो, म्हणतो. राहिलंय.