न बसवता वापरून पहा

सुधाकरन कायमचा कोल्लमला गेला,
जाताना लॅपटॉप माझ्या पलंगावर ठेवून.
म्हणाला, चालतो. फक्त सुरू व्हायला एक चहा लागतो
आणि बंद व्हायला एक जेवण.
दोन जीबीची मेमरी, एक बिजागरी तुटलेली,
आणि रोज तीच पाटी:
हे यंत्र नव्या आवृत्तीस पात्र नाही.
शब्द ओळखीचा.
व्हिसाच्या मेडिकलच्या रांगेत ऐकलेला.

सोहारला जुलैत रात्री दहालाही
भिंत हाताला पोळते.
गेटवरच्या केबिनचा एसी बरा, म्हणून तिथे बसलो
सेमाकुलाच्या खुर्चीशेजारी, पाण्याच्या कॅनवर.
तो युगांडाचा. बारा तास कुंपण पाहतो
आणि उरलेल्या डोक्याने लिनक्स.

कुठलं घेऊ? शेकड्यांनी आहेत म्हणे.
त्याने शेकडा मोजला नाही. विचारलं, करायचंय काय?
स्टोअरचा हिशेब, घरी व्हिडिओ कॉल,
आणि जमलं तर मराठीत चार ओळी.
मग तीन बोटं वर केली.
उबुंटू. "आमच्याकडे म्हणतात ओबुंटू,
माणसानं माणसासारखं असणं.
पण तुझ्या यंत्राला जड जाईल."
(जातंच जड. मी हसलो, तो नाही.)
झोरिन: नव्या मेसमध्ये जुनाच आचारी.
आणि मिंट.
पुदिना? मी म्हटलं, बस, हेच.
नाक्यावरचा मलबारी सुलेमानीत दोन पानं टाकतो, तेवढ्यावरून.
सोहारही असंच निवडलं होतं,
एजंटच्या यादीत उच्चारायला सोपं म्हणून.
"त्यातलं सडपातळ घे," एवढंच तो म्हणाला, "एक्सएफसीई."

फाइल उतरायला दोन रात्री गेल्या.
पेनड्राइव्ह लावला, एफ-बारा, एफ-बारा, एफ-बारा,
आणि चहा गाळायच्या आत पडदा उघडा!
वाय-फाय सापडेना, फोन केबलने जोडला.
पडद्यावर मी खाडीचा फोटो लावला,
अक्षरं मोठी केली, खिडक्या इकडच्या तिकडे.
बंद. पुन्हा चालू.
खाडी नाही.
"काठीवरचा संसार," सेमाकुला म्हणाला,
"बसवत नाहीस तोवर काही साठत नाही."

चौदा वर्षं. दर दोन वर्षांनी शिक्का.
खोलीच्या भिंतीत खिळा ठोकायला
अजून परवानगी नाही.

डिस्क पुसायची का, त्याने विचारलं,
म्हणजे लॅपटॉपने.
आत सुधाकरनची मुलगी, पाळण्यात,
मग सायकलवर, मग चष्म्यात.
तिला आधी पेनड्राइव्हवर काढून घेतली. मग हो म्हटलं.
तू कुठे आहेस? जगाचा नकाशा आला.
सोहार त्यात नव्हतं, मस्कतवर बोट ठेवलं.
यंत्राचं नाव काय?
वाघोटण. गावाकडची नदी, इंग्रजी बारीक अक्षरांत.

पहिल्याच हुकुमाला पासवर्ड मागितला
आणि दाबलेलं काही उमटेना, एक ठिपकासुद्धा नाही.
कीबोर्ड मेला, मी ओरडलो.
सेमाकुला गेट उघडायला गेला होता,
तिथूनच म्हणाला, लिहिलं जातंय.
दिसत नाही एवढंच.

पहाटे मराठी कीबोर्ड जोडला.
ळ कुठे लपलाय कळेना.
शेवटी शिफ्ट दाबून ल दाबला तेव्हा सापडला.
काहीतरी मोठं लिहायचं होतं.
बोटांनी लिहिलं,
पितळी नळ, अर्धा इंची, बारा नग.