मापाचा टेप

अँडीजमधल्या चुक्यापाता गावात, भर दुपारी
फोर्तुनाता शिंपीण रस्ता मोजते आहे.
दीड मीटरचा पिवळा टेप,
टोकाला खडूची खूण, पुन्हा टेप.

फलकावर रुंदी सहा मीटर.
पायाखाली पाच मीटर वीस.

कुत्रं आडवं आलं असेल, मुकादम हसतो.
ती पुन्हा मोजते. कुत्र्यासकट.

सभेत नगराध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्ही घागरे शिवा.
शिवते की.
चाळीस वर्षं शिवतेय.
वीतभर कापड राहिलं माझ्याकडे
तर गिऱ्हाईक दार सोडत नाही.
तुमच्याकडे ऐंशी सेंटीमीटर रस्ता उरलाय,
बाजारापासून थेट दफनभूमीपर्यंत.

कोणी हसलं नाही.
मागच्या बाकावरचा एक म्हातारा उठला
आणि तिच्या गळ्यातला टेप मागू लागला.
त्याला पाण्याची टाकी मोजायची होती.