उणे अडीच

कन्ना चौकातलं मशीन बंद पडलं की फोन मलाच येतो.
निळी टाकी गोठून दगड झालीय म्हणतात,
नाहीतर लाल टाकीत नुसतंच सरबत फिरायलंय.
पान्हे, ग्रीसचा डबा, दोन रबरी वायसर घेऊन निघते.
बाई आली म्हणून गिऱ्हाईक जरा बाजूला सरकतं.

बाहेर त्रेचाळीस.
आत उणे अडीच पाहिजे. तीन नको, दोनही नको.

माझ्या जन्माआधी दस्तगीरचाचाकडे
सुताराचा रंधा होता, पात्याची बाजू वर.
लादी कारखान्यातून यायची, भुशात, गोणपाटात,
सायकलमागं ओली रेघ ओढत,
आणि रेघ वाळायच्या आत पोरं
तिच्यावर अनवाणी पाय ठेवत घरापर्यंत पळायची.

मग चाक आलं. ओतीव लोखंड, हिरवा रंग.
मूठ फिरवली की लादी गरगर,
खाली पांढरा कीस, वर काला-खट्टा.
माझा बाप, मल्लेशम येमूल, मिलमध्ये जॉबर होता.
मिल बंद झाल्यावर चाचाच्या चाकाचं पातं
त्यानं एकदा फुकट लावून दिलं.
नंतर कधीच फुकट नाही.

सोड्याची गोष्ट तो रंगवून सांगायचा.
कुणाचा तरी फ्रीज बिघडला, गोटीच्या बाटल्या
ना पाणी ना बर्फ अशा निघाल्या,
तिसऱ्या पाळीचे लोक म्हणाले, उद्या पण बिघडव बे!
कुठल्या दुकानातला फ्रीज, ते मात्र
दर वेळी वेगळं सांगायचा.
मला वाटतं, प्रत्येक गावाकडे
असा एक बिघडलेला फ्रीज असतो.

हे मशीन आलं तेव्हा पाटीवर इटली होतं,
आत मोटर कोइमतूरची.
पहिल्याच वैशाखात सील फाटलं. नवं यायला दहा दिवस.
बापानं मागाच्या पिकरचं जुनं चामडं उकळून घेतलं,
गोल कापलं, बसवलं.
उन्हाळा निघाला त्यावर.
सरबताला तेलाचा वास येतो,
असं एकट्या तलाठ्यानंच म्हटलं.

आज झाकण उघडते, बोट बुडवते, चाटते.
आणि बसवराजकडे बघते. तो रस्त्याकडे बघतो.
साखर वाचवलीय.
साखर कमी पडली की पाणी धरून बसतं,
मळसूत्र अडतं, गिअरचे दात जातात,
आणि शिव्या मशीनला.
चहूकडं उसाच्या जिल्ह्यात दीड किलोची कंजुषी!
काही बोलत नाही. बिलात गिअर लिहिते,
आणि खाली, वेगळ्या ओळीत, साखर.

चाळीस मिनिटं लागतात.
विड्या देऊन परतणाऱ्या तिघी सावलीत टेकल्यात,
रिकाम्या टोपल्या मांडीवर, सुट्टे मुठीत.
बाप मागून चालत आलाय, न सांगता.
मागांनी त्याचे कान नेले, म्हणून
तो टाकीवर तळहात ठेवतो, डोळे मिटतो.
आत निळं हळू फिरायलंय.

झालं का, एकजण विचारते.
त्याला ऐकू गेलेलं नाही.
तरी तोच सांगतो, हात न काढता:
इंका.
अजून.