बाचीच्या पुढचं डांबर

एस्टीम, अठ्ठ्याण्णवची, निपाणीच्या एका दातांच्या डॉक्टरची.
बारा वर्षांत त्यानं ती कधी पळवलीच नव्हती.
मी घेतली तेव्हा डिकीत कवळीचे दोन साचे होते.
इराप्पानं बॉनेट उघडलं, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला,
म्हणाला, "ह्याला अजून कुणी हाकच मारली नाही, ताई."

मग आठ महिने हाका मारणं चाललं.
उद्यमबागेत, शेड बंद झाल्यावर,
लेथच्या कामाचे हात न धुता.
सिलिंडर मीच बोअर केले, अर्धा मिलिमीटर,
त्याहून केसभर नाही.
टर्बो एका उलटलेल्या डिझेल जीपचा, संकेश्वरच्या भंगारातला.
मॅनिफोल्ड भरमा निलजकरनं ओतला,
दिवसाच्या शेवटच्या लाडलमध्ये उरलेल्या लोखंडाचा,
आणि पॅटर्नवर हौसेनं स्वतःचा भ कोरला.
तो उलटा आला. आरसा धरला तरच वाचता येतो.
बोल्ट आवळताना इराप्पा कन्नडमध्ये मोजायचा,
वंदु, एरडु, मूरु.
शिव्या मात्र मराठीत.

रविवार. पावणेपाच.
हिंडलग्याच्या नाक्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये,
झोपल्या पोराच्या उशाशेजारून जावं तशी.
(सायलेन्सरचे कागद माझ्याकडं नाहीत.
त्या गाडीतल्या निम्म्या गोष्टींचे नाहीत.)
सुळगा गेलं. उचगाव फाट्यावर एकच स्टोव्ह पेटलेला,
आणि पुढं रस्ता, कुणाचाच नसलेला.

तिसरा.
दोन हजारला काहीच नाही.
अडीचला पण नाही. वाटतं, उगीच एवढा पैसा घातला.
रुसल्या पाहुण्यासारखी ती ऐकून घेते, उत्तर देत नाही.
तीन हजार दोनशे.
पायापाशी कुठंतरी एक बारीक शीळ,
आणि मग
तालमीतल्या वस्तादानं मागून पाठीत थाप घालावी
तसं सगळं एकदम.
मान सीटला. झाडं वेगवेगळी राहत नाहीत.
स्टिअरिंग हलकं होतं, भीती वाटेल इतकं,
आणि माझ्या तोंडून निघतो तो आवाज
मी बाळंतपणातही काढला नव्हता.
चौथा.
काट्याकडं बघत नाही. बघितलं की कमी होतं.
ऐकू येतात ते चारच, मी बोटांनी माप घेतलेले,
चौघांच्या भिंती मला आतून ठाऊक आहेत.
नवरा विचारतो, एवढं काय असतंय गं त्यात.
हे असतंय.

बाचीच्या वळणावर ट्रॅक्टर.
मागं दिवा नाही. रताळ्याची पोती, वर झोपलेला माणूस.
पाय, परत पाय, तिसरा, दुसरा,
शेपूट डावीकडं सुटली;
हात आधी गेले, मी नंतर.
थांबले तेव्हा बॉनेट आणि पोत्यांमध्ये
एक हात जागा.
वरचा माणूस उठून बसला, नाक वर केलं,
"काय तरी जळूलालंय बघा, बाई."
"ब्रेक," म्हटलं.
"मग थांबा की जरा." आणि परत आडवा झाला.

थांबले. इंजिन तसंच चालू,
तापला टर्बो एकदम बंद करू नये ही इराप्पाची ताकीद.
हात नाही, गुडघे थरथरत होते.
ट्रॅक्टर गेला, पोत्यांसकट झोपेसकट, उजाडायला लागलं.

शिनोळीच्या अलीकडं कुठंतरी डांबर बदलतं.
पाटी नंतर सांगते, फोन त्याच्याही नंतर.
आधी बुडाला कळतं; मग टायर सूर बदलतात.
ह्याच सांध्यावरून आमच्या घरात
वाढलेली ताटं तशीच राहिलेली मी पाहिलीत.
गाडीला ते एक टक्, एवढंच.
वळवली. परत टक्.

शेडवर पोचले तेव्हा सात. इराप्पा दारात बसलेला.
वेग विचारला नाही.
बॉनेटवर तळहात ठेवला, ताप बघावा तसा,
चाकाजवळ नाक नेलं, मग माझ्याकडं बघितलं.
"साकु?"
"इन्नू स्वल्प," मी म्हटलं,
आणि जॅक आणायला आत गेले.