बाराशे साठ

उद्यमनगरात, लेथच्या दोन शेडांमधल्या फटीत
दस्तगीर नदाफांचं बॅटरीचं दुकान.
डिप्लोमाच्या ट्रेनिंगचे माझे सहा आठवडे तिथं गेले,
आणि तीन ओढण्या.
ॲसिडचा थेंब पडतो तेव्हा काही दिसत नाही.
धुतल्यावर भोक पडतं.

पहिल्याच दिवशी मामांनी एक जुनी बॅटरी करवतीनं उघडली.
सहा खण. खणाखणात प्लेटा,
एक चॉकलेटी, एक करडी, मधे जाळीदार पडदा.
"दोन्ही शिसंच. पण हिला द्यायचं असतंय,
तिला घ्यायचं असतंय.
आपण मधनं जाऊ देत नाही.
मग ते बाहेरनं जातंय, तारेतनं, गावाला वळसा घालून.
त्या वळशात तुझा दिवा लागतोय."

पुस्तकात प्रवाह अधिककडून उणेकडे,
इलेक्ट्रॉन मात्र उलटे.
खरं कुठलं, मी विचारलं.
"माझ्या टेस्टरला इचार," म्हणाले, आणि चहा सांगितला.

मग काचेची नळी. रबरी फुगा दाबायचा, सोडायचा,
आत तरंगतो तो काटा वाचायचा.
बाराशे साठ म्हणजे भरलेली.
वापरू तसं ॲसिड प्लेटांवर जाऊन बसतं,
मागं पाणी उरतं, काटा बुडत जातो,
आणि शेवटी दोन्ही प्लेटा एकसारख्या पांढुरक्या.
भांडण मिटलं की करंट मिटला,
असं मी जर्नलमध्ये लिहिलं. सरांनी खोडलं.

त्याच पावसाळ्यात पंचगंगा गल्ल्यांत आली.
पाच दिवस लाईन नाही.
मामांनी गिऱ्हाइकांच्याच अकरा बॅटऱ्या बाकावर मांडल्या,
दारात मोबाईलची रांग.
सुतारवाड्यातनं आलेल्या शेवंता कुंभार
रोज बटणांचा फोन लावून बसायच्या,
चिखलीला लेक, रिंग जायची, नुसती जायची.
चौथ्या रात्री शेवटची बॅटरी साडेदहाच्या खाली गेली.
मी म्हटलं, मामा, काढूया, मरेल.
ते मीटरकडं बघेचनात.

तिकडनं कुणीतरी हॅलो म्हणालं.
शेवंताबाईंनी आधी विचारलं,
"म्हशी सोडल्यासा का?"
मग बराच वेळ काहीच नाही.
मग रडणं, दोन्हीकडचं.

पाणी उतरल्यावर दहा बॅटऱ्या भरल्या.
अकरावीला तीन दिवस लावून ठेवलं, अगदी मंद, दोन अँपियरवर.
बुडबुडे यायचे. काटा हलायचा नाही.
प्लेटांवरचं पांढरं दगड झालं होतं.
मामांनी मालकाला नवी दिली, पदरची.
माझ्यासमोर त्याबद्दल एक शब्द नाही.

भंगारवाल्यानं वजन केलं, चौदा किलो.
"वितळंल, परत प्लेट हुईल," मामा म्हणाले.
"शिशाला मागचं आठवत न्हाई. बरं असतंय."
काट्याच्या परातीत दोन थेंब राहिले होते.
पाणीच असेल, म्हटलं,
आणि पुसले ओढणीनं.
ही चौथी.